स्नायू सुकण्याआधी

सदऱ्याची गुंडी लावताना अंगठा आणि तर्जनी यांची चिमूट जुळेनाशी होणे, कुलपात किल्ली फिरवताना हाताला जोर न पुरणे, सरळ रस्त्याने चालताना चपलेचे टोक जमिनीला अडखळणे, किंवा संभाषणाच्या ओघात जिभेला जडपणा येऊन एखादा शब्द ओढल्यासारखा उमटणे, अशा ज्या तक्रारी कोणताही शहाणा मनुष्य थकवा, वय किंवा वात यांच्या खाती जमा करून मोकळा होईल, त्यांतूनच एका अत्यंत दारुण रोगाचा आरंभ होत असतो. त्याला डॉक्टर मंडळी मोटर न्यूरॉन डिसीझ किंवा थोडक्यात एमएनडी म्हणतात. त्याचा सर्वांत अधिक आढळणारा प्रकार एएलएस या नावाने ओळखला जातो. ताप नाही, वेदना नाही, त्वचेच्या स्पर्शज्ञानात काडीचाही फरक नाही. केवळ स्नायूंना हुकूम पोचविणाऱ्या चेतापेशी एकामागून एक मरत जातात आणि ज्या स्नायूंना हुकूम मिळेनासा होतो ते सुकत जातात. पहिली तक्रार सुरू झाल्यापासून रोगाचे नाव निश्चित होईपर्यंत सरासरीने दहा ते बारा महिने लोटतात, असा अनेक देशांतील रुग्णालयांचा अनुभव आहे; आणि पहिल्या तक्रारीपासून निम्म्या रुग्णांचे आयुष्य दोन ते चार वर्षांहून अधिक नसते. म्हणजे उरलेल्या आयुष्याचा बराच मोठा वाटा रोगाचे नाव शोधण्यातच खर्ची पडतो. हा विलंब कसा कमी करता येईल, आणि त्यासाठी रक्तातील व पाठीच्या कण्यातील पाण्यातील कोणत्या खुणांचा आधार घेता येईल, यासंबंधी गेल्या तीस वर्षांत जे संशोधन झाले, त्याची हकीकत वाचकांपुढे ठेवण्याचा येथे विचार आहे.

पॅरिस शहरातील साल्पेत्रिएर या विस्तीर्ण रुग्णालयात, जेथे त्या काळी हजारो निराधार आणि वृद्ध स्त्रिया आश्रयाला असत, झाँ-मार्तँ शार्को यांनी 1869 पासून या रोगाचा पद्धतशीर अभ्यास मांडला आणि 1874 मध्ये त्याला आज रूढ असलेले शास्त्रीय नाव दिले. त्यांची पद्धत अशी होती की, रुग्ण हयात असेतोवर त्याच्या लक्षणांची बारकाईने नोंद ठेवायची आणि मृत्यूनंतर शवविच्छेदन करून त्या लक्षणांचा मेंदूतील व मेरुरज्जूतील बिघाडाशी मेळ घालायचा. या मार्गाने मेरुरज्जूच्या बाजूंचे पट्टे कठीण झालेले आणि त्याच्या पुढच्या भागातील मोठाल्या चेतापेशी नाहीशा झालेल्या त्यांना दिसल्या. परंतु या पद्धतीतच एक दुःखद मर्यादा होती, आणि ती आजही पुष्कळ अंशी कायम आहे. गाठ असेल तर तिचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येतो. यकृताचाही नमुना सुईने घेता येतो. पण जिवंत माणसाच्या मेरुरज्जूतून चेतापेशी कापून काढण्याची मुभा निसर्गाने दिलेली नाही. अखेरचा पुरावा मृत्यूनंतरच हाती यावा, आणि तोपर्यंत सारा कारभार अनुमानावर चालावा, असा या रोगाच्या निदानाचा शिरस्ता पडला.

ते अनुमान तज्ज्ञ कसे करतात हे पाहण्यासारखे आहे. रुग्णाला सदरा काढून भरपूर उजेडात बसवतात आणि काही मिनिटे त्याच्या खांद्यांकडे, दंडांकडे व मांड्यांकडे नुसते पाहत राहतात. कारण कातडीखालून क्षणभर धावून जाणारे स्नायूंचे बारीक स्फुरण, ज्याला आपण मांस उडणे म्हणतो, ते घाईच्या तपासणीत नजरेतून सुटते. मग तळहात पाहतात. अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा सपाट झालेला आणि अंगठा व तर्जनी यांमधील जागा खोल गेलेली, परंतु करंगळीच्या बाजूचा उंचवटा मात्र बऱ्यापैकी शाबूत, असा विषम प्रकार दिसला की तज्ज्ञाच्या मनात शंका येते. नंतर जीभ बाहेर न काढवता तोंडातच सैल ठेवायला सांगून ती फडफडते का हे पाहतात, आणि शेवटी रबरी हातोडीने सुकलेल्या हाताच्या कंडरेवर हलका ठोका देतात. सुकलेल्या स्नायूची प्रतिक्रिया मंद असावी अशी अपेक्षा असताना हात जर जोराने उसळला, तर मेंदूतील वरच्या आणि मेरुरज्जूतील खालच्या अशा दोन्ही प्रकारच्या प्रेरक चेतापेशी बिघडल्याचा तो एकत्रित दाखला होय. पुढे स्नायूंत बारीक सुई घालून त्यांतील विद्युत्‌स्पंदनांचा आलेख काढतात आणि मानेचे एमआरआय चित्र घेतात. या दुसऱ्या तपासणीचा हेतू पुष्कळदा रोग सापडण्यापेक्षा दुसरे रोग नाहीत अशी खात्री पटवण्याचा असतो.

अडचण अशी की, ही सारी चिन्हे आरंभी एकत्र हजर नसतात. काही प्रेरक चेतापेशी मेल्या की शेजारच्या जिवंत पेशी आपल्या शाखा वाढवून निराधार झालेल्या स्नायुतंतूंचा ताबा घेतात, आणि त्यामुळे पेशींचा ऱ्हास बराच पुढे जाईपर्यंत स्नायूची ताकद वरकरणी टिकून राहते. रुग्णाला अशक्तपणा जाणवतो तेव्हा रोग खरोखर कित्येक महिने आतल्या आत चालू असतो. स्पेनमधील एल एस्कोरियाल येथे ठरलेले आणि 1994 मध्ये प्रसिद्ध झालेले निदानाचे निकष असे होते की, निश्चित निदान नोंदवण्यासाठी शरीराच्या अनेक भागांत दोन्ही प्रकारच्या पेशींच्या बिघाडाची चिन्हे आढळावीत. याचा व्यवहारातील अर्थ, रोग एका अवयवातून दुसऱ्यात पसरेपर्यंत वाट पाहावी, असा झाला. 2019 मध्ये ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथे भरलेल्या बैठकीतून हे निकष बरेच सोपे झाले, हे खरे. तरीही डॉक्टरांचे डोळे, हातोडी आणि सुई यांच्यापलीकडे जाऊन, रोगाची साक्ष देणारे एखादे मोजता येण्याजोगे द्रव्य शरीरातच सापडावे, ही गरज राहिलीच.

ज्याच्या हालचालींची मोजदाद रोजच्या रोज दप्तरी लागत होती, अशा माणसाच्या बाबतीतही हा रोग वेळेवर ओळखला गेला नाही, याचे उदाहरण अमेरिकेतील बेसबॉलपटू लू गेरिग यांचे आहे. लागोपाठ 2,130 सामने खेळलेल्या या बलदंड खेळाडूची कामगिरी 1938 च्या हंगामात त्यांच्या नेहमीच्या मानाने उतरली. 1939 च्या मे महिन्यात त्यांनी आपण होऊन संघातून नाव काढून घेतले, जूनमध्ये मेयो क्लिनिकमध्ये निदान झाले, आणि 1941 च्या जूनमध्ये ते वारले. अमेरिकेत हा रोग आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो.

शरीरातील अशा साक्षीदार द्रव्यांना जैवनिदर्शक किंवा बायोमार्कर म्हणतात. या रोगात आजवर ज्याची साक्ष सर्वांत अधिक ग्राह्य ठरली, ते द्रव्य म्हणजे न्यूरोफिलामेंट या प्रथिनाचा हलका घटक. कमरेच्या पातळीवर मेरुरज्जूत बसलेली एक प्रेरक चेतापेशी आपला अक्षतंतू पायाच्या स्नायूपर्यंत, म्हणजे सुमारे एक मीटर अंतरावर नेते. एवढ्या लांब आणि नाजूक तंतूला आतून आधार देण्याचे काम अत्यंत बारीक धाग्यांसारखी ही प्रथिने करतात. अक्षतंतू मोडला की ती सुटी होतात, आधी मेंदू व मेरुरज्जू यांभोवतीच्या पाण्यात उतरतात आणि तेथून अल्पांशाने रक्तात येतात. एएलएसच्या रुग्णांच्या या पाण्यात न्यूरोफिलामेंटचे प्रमाण वाढलेले असते, हे स्वीडनमधील संशोधकांनी 1996 मध्ये दाखवून दिले. मात्र त्यासाठी कमरेत सुई घालून पाणी काढावे लागे, आणि अशक्त झालेल्या रुग्णाच्या बाबतीत ते पुन्हा पुन्हा करणे कोणत्याही दयाळू डॉक्टरच्या जिवावर येणारे होते.

रक्तात हे प्रथिन मिळते, पण इतक्या अल्प प्रमाणात की जुन्या पद्धतींना त्याचा पत्ता लागत नसे. एक मिलिलिटर रक्तद्रवात ते पिकोग्रॅममध्ये मोजावे लागते, आणि पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लक्ष कोटीवा भाग. ही अडचण दूर झाली ती सिमोआ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीमुळे, जिचे तत्त्व अमेरिकेतील डेव्हिड वॉल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केले. तिची रचना इतकी कौशल्याची आहे की ती थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. डोळ्यांना न दिसणाऱ्या लक्षावधी चुंबकीय मण्यांवर न्यूरोफिलामेंटला पकडून ठेवणारी प्रतिपिंडे बसवतात आणि ते मणी रुग्णाच्या रक्तद्रवात मिसळतात. प्रथिनाचे रेणू थोडे आणि मणी पुष्कळ, म्हणून एका मण्याच्या वाट्याला फार तर एक रेणू येतो आणि बहुतेक मणी रिकामेच राहतात. नंतर रेणू पकडलेल्या मण्यावर एक विकर जोडतात आणि सारे मणी एका चकतीवर पसरतात. त्या चकतीवर दोन लाखांहून अधिक सूक्ष्म खळगे कोरलेले असून प्रत्येकात एकच मणी मावतो. खळग्यांत योग्य ते रसायन घालून ते तेलाने बंद केले की, ज्या मण्याजवळ रेणू आहे त्याचाच खळगा प्रकाशमान होतो. मग उजळलेले खळगे मोजायचे, एवढेच काम उरते. एकेका रेणूची अशी शिरगणती शक्य झाल्यावर, दंडातून काढलेल्या साध्या रक्तावरून चेतापेशींच्या नाशाचा अंदाज येऊ लागला. लंडन आणि ऑक्सफर्ड येथील रुग्णांच्या रक्तावर झालेल्या आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, ज्यांच्या रक्तात हे प्रमाण आरंभी अधिक, त्यांचा रोग पुढे अधिक वेगाने वाढतो.

एवढ्यावरून निदानाचा प्रश्न सुटला असे मात्र कोणी मानू नये. पुराच्या पाण्यातून एखादा वासा वाहत आला, तर वरच्या अंगाला कोठे तरी घर पडले एवढे निश्चित कळते. ते कोणाचे आणि कशाने पडले, हे वाशावरून सांगता येत नाही. न्यूरोफिलामेंटची साक्षही अशीच अपुरी आहे. डोक्याला मार लागला, पक्षाघात झाला, मल्टिपल स्क्लेरोसिस किंवा काही प्रकारचा स्मृतिभ्रंश असला, तरी हे प्रमाण वाढते. वयाबरोबर ते निरोगी माणसातही वाढत जाते, मूत्रपिंडे मंद असली तर अधिक दिसते आणि देह स्थूल असेल तर कमी दिसते. अशक्तपणा घेऊन आलेल्या रुग्णात अतिशय वाढलेला आकडा हा एएलएसच्या बाजूने भरभक्कम पुरावा होय, परंतु एकट्या त्याच्या हवाल्याने फैसला देणे उचित नव्हे.

तरीसुद्धा या आकड्याने एक गोष्ट अशी सिद्ध केली की जिने साऱ्या संशोधनाची दिशा पालटली. सुमारे दहापैकी एका रुग्णात हा रोग घराण्यात चालत आलेला असतो. त्यास कारण होणारे पहिले जनुक, एसओडी1, 1993 मध्ये सापडले, आणि सी9ओआरएफ72 हे पाश्चात्त्य देशांत सर्वांत अधिक आढळणारे जनुक 2011 मध्ये. अशा घराण्यांतील, दोष अंगी असूनही अजून निरोगी असलेल्या माणसांचा पाठपुरावा मायामी विद्यापीठातील मायकेल बेनटार यांनी 2007 पासून सुरू केला. दरवर्षी तपासणी करायची, रक्त घेऊन ते गोठवून ठेवायचे आणि वाट पाहायची, एवढाच त्याचा क्रम होता. पुढे त्यांतील काहींना रोग जडला तेव्हा जपून ठेवलेले जुने नमुने बाहेर काढून तपासण्यात आले, आणि असे दिसले की एसओडी1 च्या वाहकांत अशक्तपणा येण्यापूर्वी सहा महिने ते वर्षभर, आणि सी9ओआरएफ72 च्या वाहकांत साडेतीन वर्षांपर्यंत आधी, न्यूरोफिलामेंट वाढू लागलेले होते. आपल्यापैकी काहींचे भवितव्य काय आहे हे माहीत असूनही ज्या कुटुंबांनी वर्षानुवर्षे निष्ठेने रक्त दिले, त्यांच्या धैर्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. या ज्ञानाचा पाया त्यांनी घातला आहे.

त्याचे फळ लवकरच दिसले. एसओडी1 चा दोष असणाऱ्यांसाठी, म्हणजे एकंदर रुग्णांपैकी सुमारे दोन टक्क्यांसाठी, टोफरसेन नावाचे औषध तयार झाले, जे कमरेतून मेरुरज्जूभोवतीच्या पाण्यात टोचतात. 108 रुग्णांवरील अठ्ठावीस आठवड्यांच्या चाचणीत रुग्णांच्या हालचालींत अपेक्षेइतका फरक पडला नाही आणि चाचणीचा मुख्य हेतू असफल ठरला. पण औषध घेणाऱ्यांच्या रक्तातील न्यूरोफिलामेंट निम्म्याहून अधिक उतरले. 2023 च्या एप्रिलमध्ये अमेरिकी सरकारच्या औषध प्रशासनाने याच पुराव्यावर औषधाला त्वरित मंजुरी दिली. रक्तातील एका प्रथिनाच्या घटीवर विसंबून या रोगावरील औषधाला परवानगी मिळण्याचा हा पहिला प्रसंग. याही पुढचे पाऊल म्हणजे अ‍ॅटलास ही चाचणी: तीत निरोगी वाहकांचे रक्त नियमाने तपासतात आणि न्यूरोफिलामेंट ठरावीक मर्यादा ओलांडताच, एकही स्नायू दुबळा होण्याआधी, औषधोपचाराला आरंभ करतात. लवकर निदान म्हणजे काय, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

परंतु उरलेल्या बहुसंख्य रुग्णांचे काय? त्यांच्या घराण्यात कोणाला हा रोग झालेला नसतो, त्यामुळे कोणाचे रक्त जपून ठेवावे हे आधी कळण्याचा मार्ग नाही. त्यांच्यासाठी वाशावर न थांबता घर पडण्याचे कारणच सांगणारी खूण हवी, आणि ती मिळण्याची आशा टीडीपी-43 या प्रथिनाने दाखवली आहे. 2006 मध्ये फिलाडेल्फियातील प्रयोगशाळेतून असे निष्पन्न झाले की, एएलएसच्या जवळजवळ सर्व रुग्णांच्या चेतापेशींत हे प्रथिन आपली केंद्रकातील नेहमीची जागा सोडून बाहेर गोळ्यांच्या रूपाने साचलेले असते. जनुकांतील संदेशाची प्रत तयार होताना तीतील निरुपयोगी तुकडे गाळण्याच्या कामावर त्याची देखरेख असते. ते केंद्रकातून नाहीसे झाले की, एरवी गाळले जाणारे तुकडे संदेशात शिरतात, हे 2015 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी उघडकीस आणले. अशा बिघडलेल्या संदेशांपैकी काहींपासून निरोगी शरीरात कधी न आढळणारी प्रथिने बनतात. त्यांतील एक, एचडीजीएफएल2 या प्रथिनाचे विकृत रूप, रुग्णांच्या मेरुरज्जूभोवतीच्या पाण्यात ओळखता येते, आणि अद्याप लक्षणे न दिसलेल्या सी9ओआरएफ72 च्या वाहकांतही ते आढळते, असे 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. ही खूण पेशी मरण्यापूर्वीच्या बिघाडाची आहे, आणि माझ्या मते पुढील दशकातील सर्वांत मोलाचे काम याच दिशेने व्हावयाचे आहे.

बाकीच्या प्रयत्नांचा ओझरता उल्लेख पुरे. ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठात लघवीतील पी75 नावाच्या प्रथिनखंडावर काम झाले असून, जसजसा रोग वाढतो तसतसा तो लघवीत अधिक उतरतो असे दिसते. नमुना मिळवण्याची सोय पाहता ही गोष्ट लहान नाही. एकाच वेळी हजारो प्रथिने मोजून, त्यांतील कोणता समूह मिळून रोग ओळखू शकेल याची छाननी संगणकाकडून करवून घेण्याचे प्रयोगही चालू आहेत.

आपल्या देशात या प्रश्नाला आणखी एक पैलू आहे, ज्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. एएलएससारखे दिसणारे परंतु त्याहून पुष्कळ सौम्य असे विकार आपल्याकडे विशेष नोंदले गेले आहेत. मद्रास येथील डॉक्टरांनी 1970 मध्ये वर्णन केलेला, तरुणपणी सुरू होऊन बहिरेपणासह अतिशय सावकाश वाढणारा प्रकार त्या शहराच्या नावानेच ओळखला जातो. तरुण मुलाचा एकच हात किंवा एकच पाय सुकून काही वर्षांनी रोग आपोआप थांबणारा प्रकार बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेतील डॉ. गौरीदेवी यांनी 1984 मध्ये सविस्तर मांडला, आणि त्याच्याशी साम्य असलेला हाताचा विकार जपानमध्ये हिरायामा यांनी 1959 मध्येच वर्णिला होता. विशीतील मुलाला एएलएस झाला असे चुकून सांगणे हा त्या घरावर केवढा आघात असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. असे रुग्ण आणि खरे एएलएसचे रुग्ण यांचे रक्त शेजारी शेजारी ठेवून मोजणे, आणि आपल्या लोकांचे वय, अंगलट व मूत्रपिंडांचे विकार लक्षात घेऊन निरोगी माणसाची प्रमाणमर्यादा आपल्याच नमुन्यांवरून ठरवणे, हे काम युरोपातील आकडे उसने घेऊन होणारे नव्हे.

औषधच नाही तर लवकर कळून उपयोग काय, असा प्रश्न सुजाण माणसेही विचारतात. त्याचे उत्तर असे की, रिलुझोल हे पहिले औषध, ज्याची पहिली चाचणी शार्कोंच्याच साल्पेत्रिएर रुग्णालयातील डॉक्टरांनी केली आणि जे 1995 मध्ये मान्य झाले, ते आयुष्यात काही महिन्यांचीच भर घालते हे खरे असले, तरी जिवंत असलेल्या पेशी वाचवणे हाच सर्व औषधांचा हेतू असल्याने ती जितक्या लवकर सुरू होतील तितके अधिक वाचवण्यासारखे शिल्लक असते. शिवाय दुबळेपणा मानेच्या झिजेमुळे आला असे समजून होणारी अनावश्यक शस्त्रक्रिया टळते. एएलएसची नक्कल करणारा पण शिरेतून दिलेल्या इम्युनोग्लोब्युलिनने सुधारणारा बहुकेंद्री प्रेरक चेताविकार हाती लागतो. श्वसनाच्या यंत्राची व अन्न देण्याच्या नळीची तजवीज घाईगर्दीविना करता येते. आणि बोलता येते आहे तोवर मनुष्याला आपल्या माणसांशी जे बोलायचे ते बोलून घेता येते.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती आहे की, वेदना नसताना हाताचा, पायाचा किंवा वाणीचा दुबळेपणा महिन्यामागून महिना वाढत चालला असेल, तर मानेच्या क्ष-किरण चित्रातील झिजेवर समाधान मानून अर्धे वर्ष दवडू नये, लागलीच चेतारोगतज्ज्ञांकडे जावे. आणि एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेने संशोधनासाठी रक्त मागितले, तर रुग्णाने आणि त्याच्या धडधाकट नातलगांनीही ते आनंदाने द्यावे, कारण निरोगी माणसांच्या रक्ताचे मोजमाप शेजारी नसेल तर रुग्णाच्या रक्तातील कोणत्याही आकड्याला अर्थ प्राप्त होत नाही.